जेट्टीवरची भरती मोजताना: सॅम्पलिंग, फिल्टर आणि एफएफटी

डीएसपी, म्हणजे मोजलेल्या आकड्यांच्या सिग्नलवर संगणकाने प्रक्रिया करणं, शिकायला पुस्तकातली साइन वेव्ह कशाला? हर्णै, रत्नागिरी, मालवण, कुठल्याही जेट्टीवरची पाण्याची पातळी घ्या. त्या एकाच सिग्नलमध्ये १२ तास २५ मिनिटांची भरती-ओहोटी असते, ३ ते १५ सेकंदांच्या लाटा असतात आणि सेन्सरचा गोंधळही असतो. (यंत्र लावण्याआधी बंदराच्या कार्यालयातून परवानगी घ्या.)

सामान थोडंच लागतं: वॉटरप्रूफ अल्ट्रासोनिक सेन्सर (ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, मेमरी कार्ड आणि तापमानाचा सेन्सर. सेन्सरच्या इको पिनचे (प्रतिध्वनीची खूण देणाऱ्या पिनचे) ५ व्होल्ट थेट ईएसपी३२ला देऊ नका. १ आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर लावून ते ३.३ वर आणा. सेन्सर जेट्टीच्या खांबाला चिकटवला तर पाण्याऐवजी खांबाचाच प्रतिध्वनी येतो, म्हणून आडव्या पट्टीवर बाहेर काढून बांधा. साधारण २५ सेंमीच्या आतलं त्याला दिसत नाही, तेव्हा उधाणाच्या भरतीतली लाटही तेवढ्या जवळ येता कामा नये.

ध्वनीचा वेग तापमानाबरोबर बदलतो: ३३१.३ + ०.६०६ × अंश सेल्सिअस, मीटर प्रति सेकंद. २५ अंशांवरचा वेग धरून ३५ अंशांत मोजलं, तर ४ मीटर अंतरात सुमारे ७ सेंमी चूक होते. ही चूक रोज दुपारी येते आणि रात्री जाते, त्यामुळे स्पेक्ट्रममध्ये (सिग्नलमध्ये कुठली लय किती आहे, ते दाखवणाऱ्या आलेखात) २४ तासांची खोटी भरती उभी राहते. तापमान हवेचं, सावलीतलं घ्या. उन्हात तापलेल्या डब्यातलं नको.

आता खरा मुद्दा. भरती इतकी सावकाश चढते, मग मिनिटाला एक रीडिंग पुरे, असं बहुतेकांना वाटतं. समजा १२.१ सेकंदांच्या लाटा येताहेत. मिनिटात अशा ४.९६ लाटा होतात, म्हणजे प्रत्येक रीडिंग लाटेच्या जवळपास त्याच जागी पडतं, फक्त किंचित मागे सरकून. आलेखात २४ मिनिटांची एक संथ लाट दिसते, जी समुद्रात नाहीच. हे एलियासिंग. बंदराच्या आतलं पाणी खरोखरही अशा संथ गतीने डोलू शकतं, त्यामुळे खोटी लाट नुसती बघून ओळखता येत नाही. नंतर कुठलाही फिल्टर लावा, ती जात नाही.

म्हणून सेकंदाला २ रीडिंग घ्या. नायक्विस्ट मर्यादा, म्हणजे एलियासिंग न होता पकडता येणारी सर्वांत जलद वारंवारता, १ हर्ट्झ होते आणि ३ सेकंदांच्या लाटेलाही ६ सॅम्पल (रीडिंग) मिळतात. प्रतिध्वनी हरवला तर शून्य लिहू नका, जागा रिकामी ठेवा. मग ५ सॅम्पलचा मीडियन फिल्टर लावा, म्हणजे दर पाच सॅम्पलमधलं मधल्या क्रमाचं मूल्य घ्या. मधूनच गेलेली होडी किंवा उडालेलं पाणी यामुळे आलेले एकटे-दुकटे काटे तो खातो. सरासरी इथे आधी लावली तर काटा जात नाही, नुसता पसरतो.

त्यानंतर १२० सॅम्पलची, म्हणजे एका मिनिटाची, चल सरासरी (एकेका सॅम्पलने पुढे सरकणारी). एकदा लावून भागत नाही: १३.३ सेकंदांच्या लाटेचा ७ टक्के भाग तिच्यातून निसटतो, म्हणजे ५० सेंमीच्या लाटेतले साडेतीन सेंमी. दोनदा लावली की अर्धा टक्का उरतो. या दोन फेऱ्यांनी सिग्नल सुमारे एक मिनिट मागे पडतो, तेवढी वेळ दुरुस्त करा. आता कुठे दर १२०वं सॅम्पल ठेवून बाकीची टाकायची. आधी फिल्टर, मग सॅम्पलची कपात. उलट केलंत की वरची २४ मिनिटांची लाट परत हजर.

एफएफटी ही सिग्नलमधून स्पेक्ट्रम काढायची गणिती रीत. तिच्याआधी सरासरी पातळी वजा करा, नाहीतर शून्य वारंवारतेचं शिखर बाकी सगळं झाकतं. हान विंडोही लावा, म्हणजे नोंदीची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणा. एका दिवसाच्या नोंदीत १२.४२ तासांची चांद्र भरती आणि १२ तासांची सौर भरती एकाच ढिगात दिसतात. त्या वेगळ्या करायला किमान १४.८ दिवस लागतात, आणि अमावस्येच्या उधाणापासून पौर्णिमेच्या उधाणापर्यंतचं अंतरही तेवढंच असतं, कारण उधाण आणि भांग म्हणजे याच दोन भरतींचे बीट्स (जवळच्या दोन लयी मिळून होणारा चढउतार). हान विंडोमुळे शिखरं रुंद होतात, तेव्हा महिनाभराची नोंद घेतलेली बरी. नोंद कमी पडली म्हणून शेवटी शून्यं जोडली तर आलेख गुळगुळीत होतो, शिखरं मात्र चिकटलेलीच राहतात.