तरुण उमेदवार निवडून येईल का, यावर मुद्देसूद वाद कसा घालावा

अमेरिकेत अध्यक्षीय प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे, दिवस जवळ आले की एक वाक्य घरोघरी ऐकू येते: "मुलगा हुशार आहे, मला स्वतःला पसंतही आहे, पण लोक त्याला निवडून देणार नाहीत. अजून चार पावसाळे पाहू देत." २०१९ च्या हिवाळ्यात न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये डेमोक्रॅट पक्षाची उमेदवारी मागणारे तरुण महापौर पीट बुटिजेज यांच्याबद्दल हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की त्याला उत्तर कसे द्यायचे, आणि कधी ते मान्य करायचे, याचा मला गांभीर्याने विचार करावा लागला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो आहे. उदाहरण मुख्यतः बुटिजेज यांचेच घेतो, कारण त्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना भक्कम मुद्दे होते.

सर्वांत आधी "लोक" म्हणजे कोण, हे समोरच्याला विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. प्रायमरीत मत देणारे पक्षाचे मतदार वेगळे आणि नोव्हेंबरात मत देणारा सर्वसाधारण मतदार वेगळा. त्यातही अध्यक्षपद देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही. राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मते लागतात आणि ती मोजक्या अटीतटीच्या राज्यांत ठरतात. २०१६ मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतले मतांचे अंतर एकत्र केले तरी ते ऐंशी हजारांच्या आतच भरते, आणि तेवढ्यावर निकाल फिरला. म्हणून "देश अजून तयार नाही" या विधानावर वाद घालताच येत नाही. "पेनसिल्व्हेनियातला कारखान्यातला कामगार याला मत देणार नाही" या विधानावर मात्र घालता येतो, कारण ते तपासता येते.

त्यानंतर वयाचा मुद्दा उलगडून पाहावा. राज्यघटनेने अध्यक्षासाठी किमान वय ३५ ठेवले आहे; त्यामुळे ३७ व्या वर्षी उमेदवारी जाहीर करणाऱ्या बुटिजेज यांच्या पात्रतेचा प्रश्न नव्हताच. "वय लहान" असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा दुसरेच काहीतरी असते, आणि ते बाहेर काढणे हाच या वादाचा अर्धा भाग आहे. बहुतेक वेळा ते अनुभवाविषयी असते. अनुभवाचा आक्षेप असेल तर तो ठोस स्वरूपात मांडायला सांगावे. उदाहरणार्थ: बुटिजेज हे इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड या सुमारे एक लाख वस्तीच्या शहराचे महापौर होते, २०११ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत त्यांना मिळालेली मते सुमारे ११ हजार होती, आणि २०१० मध्ये राज्याच्या कोषाध्यक्षपदासाठी, म्हणजे राज्यभराच्या मतदारांसमोर ते एकदाच उभे राहिले, तेव्हा मोठ्या फरकाने हरले. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यांच्या समर्थकाने तो झटकून टाकू नये. इंडियाना रिपब्लिकनांकडे झुकणारे राज्य आहे, २०१० हे वर्ष देशभर त्याच पक्षाच्या लाटेचे होते, आणि पाच वर्षांनी शहरातल्या लोकांनी बुटिजेज यांना ८० टक्के मतांनी पुन्हा निवडून दिले, हे उत्तर त्याने द्यावे. मात्र त्या उत्तराने आक्षेप हलका होतो, पुसला जात नाही, हेही मोकळेपणाने मान्य करावे.

येथे १९६० ची अध्यक्षीय निवडणूक जिंकणाऱ्या केनेडींचे उदाहरण हमखास पुढे येते. १९६० च्या जुलैमध्ये माजी अध्यक्ष ट्रुमन यांनी केनेडींच्या परिपक्वतेबद्दल जाहीर शंका घेतली, तेव्हा ४३ वर्षांच्या केनेडींनी उत्तर दिले की ४४ व्या वर्षाखालच्यांना विश्वासाच्या जागा नाकारायच्या ठरवल्या असत्या, तर जेफर्सन यांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिता आला नसता आणि वॉशिंग्टन यांना सैन्याचे नेतृत्व करता आले नसते. उत्तर बिनतोड आहे, परंतु ते उसने घेताना सावध राहावे. केनेडींच्या गाठीशी तेव्हा संसदेच्या दोन्ही सभागृहांतली मिळून तब्बल चौदा वर्षे होती. एका महापौराच्या बचावासाठी ते नाव घेतले तर चाणाक्ष प्रतिपक्षी तुमचेच उदाहरण तुमच्यावर उलटवील.

कधीकधी मात्र वयाच्या आडून बोलली जाणारी गोष्ट अनुभवाशीही संबंधित नसते. बुटिजेज उघडपणे समलिंगी आहेत आणि त्यांचे पती प्रचारात त्यांच्यासोबत असत. "मला काहीच अडचण नाही हो, पण लोकांना चालणार नाही" असे म्हणणाऱ्याला मी नम्रपणे एकच विनंती करतो, की आपले कारण आपल्या नावावर सांगावे आणि शेजाऱ्याचे कारण शेजाऱ्याला सांगू द्यावे. आपला संकोच चार अनोळखी माणसांच्या तोंडी घालून त्यालाच राजकीय वास्तव म्हणणे हे मला या वादातले सर्वांत घातक वळण वाटते, कारण प्रत्येकाने तसेच केले तर कोणाचाही विरोध नसलेला उमेदवार सर्वांच्या संमतीने पडतो.

पुराव्यांपैकी जनमत चाचण्या सर्वांत आधी हातात येतात आणि सर्वांत आधी दगा देतात. निवडणुकीच्या वर्षभर आधी घेतलेली आमनेसामनेची चाचणी प्रामुख्याने कोणाचे नाव लोकांच्या कानावर आहे एवढेच सांगते. १९८८ च्या जुलैत गॅलप या संस्थेच्या चाचणीत डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस हे रिपब्लिकन उमेदवार बुश यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी पुढे होते, आणि नोव्हेंबरात चाळीस राज्यांत हरले. इतिहासातली सुटी उदाहरणेही एकमेकांना खोडतात: २००४ मध्ये "हाच जिंकेल" म्हणून डेमोक्रॅट मतदारांनी युद्धात लढलेल्या केरींना निवडले आणि ते हरले, २०१६ मध्ये "हा जिंकणे शक्यच नाही" असे ज्यांच्याबद्दल म्हटले गेले ते ट्रम्प जिंकले.

मग विश्वास कशावर ठेवावा? प्रत्यक्ष पडलेल्या मतांवर, आणि त्यातही ती कोणाकडून आली यावर. २००८ च्या जानेवारीपर्यंत अनेक कृष्णवर्णीय मतदारांना शंका होती की गोरे लोक ओबामांना मत देतील का. ३ जानेवारीला नव्वद टक्क्यांहून अधिक गोऱ्या वस्तीच्या आयोवा राज्याने त्यांना पहिला क्रमांक दिला, आणि २६ जानेवारीला दक्षिण कॅरोलायनात त्यांना ५५ टक्के मते पडली. ती शंका मतांनीच फिटली.

आयोवातले डेमोक्रॅट पक्षाचे कॉकस, म्हणजे एकत्र जमून उमेदवार निवडण्याची सभा, हा तर २०२० पर्यंत या वादाचा डोळ्यांना दिसणारा नमुना होता. शाळेच्या व्यायामशाळेत माणसे आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहत, मोजणी होई, आणि बहुतेक ठिकाणी १५ टक्क्यांखाली राहिलेल्या गटातल्या लोकांना दुसऱ्या फेरीत दुसरीकडे जाण्याची मुभा असे. त्या मधल्या काही मिनिटांत शेजारी शेजाऱ्याला हाक मारी, "आमच्याकडे या" म्हणे, आणि पटले तर समोरचा माणूस कोट उचलून खरोखरच चालत येई. २०२० च्या ३ फेब्रुवारीला बुटिजेज यांना येथे सर्वाधिक, म्हणजे १४ डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळाले. त्यांचे प्रतिस्पर्धी सँडर्स यांना एकूण मते अधिक असूनही १२ मिळाले. आठवड्याभराने न्यू हॅम्पशायरमध्ये बुटिजेज सँडर्स यांच्या मागे, थोड्याच अंतराने दुसरे आले.

परंतु ही दोन्ही राज्ये बहुतांशी गोरी आहेत. २९ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलायनात, जेथे डेमोक्रॅट प्रायमरीतले निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय होते, त्यांना केवळ ८ टक्के मते पडली आणि दुसरे प्रतिस्पर्धी बायडन यांना जवळजवळ ४९. ओबामांसाठी उघडलेला दरवाजा येथे उघडला नाही. त्याचे खापर वयावर फोडणे मात्र चूक ठरेल. महापौर असताना कृष्णवर्णीय पोलीसप्रमुखांना पदावरून उतरवणे आणि २०१९ च्या जूनमध्ये शहरात पोलिसाच्या गोळीने झालेला एका कृष्णवर्णीय रहिवाशाचा मृत्यू, हे प्रश्न त्यांच्या मागे होतेच. शिवाय बायडन यांची या मतदारांशी जुनी ओळख होती.

वाद सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने एका कागदावर एक वाक्य लिहून ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवतो: कोणत्या राज्यातला कोणता निकाल लागला तर मी माझे मत बदलीन. डेमोक्रॅट पक्षाच्या नियमानुसार साधारणपणे १५ टक्क्यांखाली डेलिगेट मिळत नाहीत, म्हणून हा आकडा सोयीचा आहे. मी स्वतः त्या वर्षी "दक्षिण कॅरोलायनात १५ च्या खाली गेले तर ते उमेदवारी जिंकू शकत नाहीत हे मान्य" असे लिहिले होते, आणि मतमोजणीच्या रात्री मला ते मान्य करावे लागले. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, बुटिजेज यांनी माघार घेतली आणि २ मार्चला बायडन यांना पाठिंबा दिला.

एक व्यावहारिक गोष्ट राहते. न्यू जर्सीची प्रायमरी सहसा जूनमध्ये होते, आणि २०२० मध्ये ती ७ जुलैपर्यंत लांबली. तोवर सामना संपलेला होता. उशिरा मतदान करणाऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी म्हणून हा वाद डिसेंबर-जानेवारीतच घालावा, जेव्हा देणगी देणे, सर्वांत आधी मतदान करणाऱ्या राज्यांत फोन करणे किंवा दारोदार फिरणे अजून हातात असते.