कालवांच्या बीजकेंद्रातील पहिला हंगाम आणि घनतेचा हिशेब

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन मी दक्षिणेतील कालवांचे बीज म्हणजे पिल्ले तयार करणाऱ्या एका लहान केंद्रात रुजू झालो, तेव्हा घनता, म्हणजे ठरावीक पाण्यात किती अळ्या ठेवायच्या ते प्रमाण, हा टाकी भरताना एकदाच पाळायचा आकडा, अशी माझी समजूत होती. नव्याने या कामात येणाऱ्यांनी ही समजूत आधी सोडावी.

फलनानंतर साधारण एका दिवसात कालवाची अळी इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची होते. त्या वेळी एका मिलिलीटरला दहा अळ्या चालतात. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक कोटी. मात्र अळी वाढते तशी तिची भूकही वाढते, म्हणून अळीच्या अंगावर डोळ्याचा ठिपका दिसेपर्यंत, म्हणजे ती शिंपल्यावर बसायच्या बेतात येईपर्यंत, ही संख्या टप्प्याटप्प्याने दोनच्या आसपास आणावी लागते. पहिल्या तुकडीच्या वेळी अळ्या कमी करायला माझे मन धजावले नाही. वरकरणी सगळे ठीक होते. अकराव्या दिवशी चाळणी लावली, तेव्हा मोठ्या अळ्या अडवणाऱ्या जाड जाळीवर जवळजवळ काहीच उरले नाही, म्हणजे अळ्या वाढल्याच नव्हत्या. खाद्य पुरत नव्हते म्हणून मी शैवाल वाढवत गेलो होतो आणि न खाल्लेले शैवाल तळाशी कुजून जिवाणूंना पोसत होते. गर्दीचे नुकसान असे आठवडाभर उशिराने दिसते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्यामुळे मोजणी शिका. अळ्या पृष्ठभागाजवळ जमतात, म्हणून पाणी हलकेच ढवळून निरनिराळ्या जागांचे किमान तीन नमुने घ्यावेत आणि सरासरी काढावी. एकाच नमुन्यावर मी कधीही विसंबत नाही. प्रत्येक पाणीबदलाला चाळणी लावून मागे पडलेल्या अळ्या वेगळ्या करणे क्रूर वाटते, पण त्याने उरलेल्यांची वाढ एकसारखी होते.

प्रजननासाठी ठेवलेल्या मोठ्या कालवांनाही हेच लागू आहे. दाटीमुळे खाद्य अपुरे पडले तर अंडी नीट भरत नाहीत, आणि उपासमारीत नरांचे प्रमाण वाढण्याकडे कल असतो. फलनाच्या वेळी शुक्राणूही बेताने घालावेत; ते फार झाल्यास एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरतात आणि भ्रूण विकृत होतात.

शेवटी अळ्या रिकाम्या शिंपल्यांवर बसतात. एका शिंपल्यावर शेकडो ठिपके पाहून मी पूर्वी आनंदून जात असे. पुढे त्यांची कवचे एकमेकांना भिडून वेडीवाकडी वाढतात, म्हणून आता एका शिंपल्यावर दहाबारा बीज मला पुरेसे वाटते.