भाषा घेऊन बीए करायचंय? मग अकरावीचे विषय बघून घ्या

भाषेत पदवी घ्यायचं मनात असेल, तर राज्य मंडळाच्या अकरावीत सगळ्यात आधी दुसऱ्या भाषेची जागा सांभाळा. इंग्रजी सगळ्यांनाच असते. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेण्याची सोय असते आणि 'मार्क पडतात' म्हणून मुलं तिकडे वळतात. इंजिनिअरिंगला जाणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. भाषेकडे जाणाऱ्याची मात्र दोन वर्षं फुकट जातात.

जर्मन, फ्रेंच किंवा जपानी घेणार असाल, तर प्रवेशाचे पसंतिक्रम भरण्याआधी कॉलेजात फोन करून विचारा: या विषयाला शिक्षक आहेत का? तास खरंच होतात का? वर्ग पहिल्यापासून सुरू होतो, की शाळेत ती भाषा झालेली हवी? विषय यादीत असतो, पण पुरेशी मुलं नसली की वर्ग भरतच नाही. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावा लागतो, म्हणून ही चौकशी आधीच उरकलेली बरी.

बोर्डाच्या मार्कांवर फार विसंबू नका. पत्रं, उतारे आणि व्याकरणाचे ठरावीक प्रश्न घोकून नव्वदी गाठता येते, आणि तरी समोरच्याला रस्ता विचारताना त-त-प-प होते. म्हणून बाहेरची एक परीक्षा जोडीला द्या: जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवनाची ए१ (पहिली पातळी), मग ए२, फ्रेंचसाठी डेल्फ, जपानीसाठी जेएलपीटीची सगळ्यात सोपी पातळी एन५. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, अर्ज काही महिने आधी भरावा लागतो. तिच्यात बोलण्याची परीक्षाच नसते, तेव्हा बोलायचा सराव वेगळा करा. हे सगळं अकरावीत उरका. बारावीच्या दुसऱ्या सत्रात वेळ मिळत नाही.

संस्कृतला कमी लेखू नका. जर्मनमध्ये 'डेर टिश' म्हणजे टेबल. तेच कर्म झालं की 'डेन टिश' होतं. द्वितीया विभक्ती पक्की असलेल्याला यात नवल वाटत नाही. रशियनच्या सहा विभक्तींनाही तो दचकत नाही. दहावीला ५० गुणांचं संयुक्त संस्कृत असेल, तर अकरावीआधीच्या सुट्टीत शब्दरूपं आणि लकार पक्के करा, नाहीतर पहिल्याच चाचणीत दम लागतो.

बाकी विषयांत साहित्याकडे ओढा असेल तर इतिहास, भाषाविज्ञानाकडे असेल तर तर्कशास्त्र. संगणक आणि भाषा अशा कामात रस असेल तर गणित सोडू नका. पुढे भरून काढायला फार जड जातं. सायन्सवाल्यांनाही बीएला प्रवेश मिळतो, त्यामुळे केवळ भाषेसाठी शाखा बदलायची गरज नाही.

दिल्लीकडे जायचं असेल तर सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जास्तीत जास्त पाच विषय. प्रत्येकी ५० प्रश्न आणि ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. २०२५ पासून त्यात फ्रेंच-जर्मनचे पेपर नाहीत, मराठीचा आहे. दिल्ली विद्यापीठ साधारणपणे बारावीत शिकलेलेच विषय धरतं, म्हणजे अकरावीतली निवड इथेही आडवी येऊ शकते. जेएनयूत (जवाहरलाल नेहरू विद्यापीठात) मात्र परकीय भाषांचं बीए ऑनर्स मुळाक्षरांपासून सुरू होतं. तिथे आधी ती भाषा येत असण्याची अट नाही, त्यामुळे सीयूईटीतल्या इंग्रजी आणि सामान्य चाचणी (जनरल टेस्ट) या पेपरांच्या तयारीवर जोर द्या.