पान प्रकाशाची ऊर्जा कशी साठवतं, ते ग्लासात पाहा

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण शाळेत सगळेच पाठ करतात. पण ती क्रिया डोळ्यांनी पाहायला तासभर पुरतो. त्यासाठी पालकाची ताजी पानं, कागदाचं पंच मशीन, बिनसुईची सिरिंज, खाण्याचा सोडा, लिक्विड सोप, ग्लास आणि प्रखर दिवा एवढं हवं.

३०० मिली पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम सोडा विरघळवा. सोड्यातून पानाला कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्यात सोपचा एकच थेंब टाका, फेस नको. जाड शिरा टाळून पानाच्या दहा चकत्या पाडा.

पुढची पायरी घाईत केली तर प्रयोग फसतो. चकत्या आणि थोडं द्रावण सिरिंजमध्ये घेऊन वरची हवा काढून टाका. टोकावर बोट घट्ट दाबून दट्ट्या मागे ओढा, दहा सेकंद धरा, मग दट्ट्या सोडून द्या. पानातल्या पोकळ्यांमधली हवा निघते आणि तिच्या जागी द्रावण शिरतं. सगळ्या चकत्या बुडेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा.

आता उरलेलं द्रावण ग्लासात ओता, त्यात चकत्या सोडा आणि जवळून दिवा लावा. काही मिनिटांतच चकत्यांच्या कडांना बारीक बुडबुडे धरतात. मग एखादी चकती कलते, तळ सोडते आणि वर येते.

हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषतं. त्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन पुढे ढकलले जातात आणि त्यांची भरपाई पाण्याचे रेणू फोडून होते. बुडबुड्यांतला ऑक्सिजन या पाण्यातलाच, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. पानाच्या दृष्टीने तो टाकाऊ माल. खरी कमाई म्हणजे एटीपी आणि एनएडीपीएच हे रेणू. त्यांच्यात ऊर्जा तात्पुरती साठते आणि ती खर्चून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. हा दुसरा टप्पा मेल्विन कॅल्विन आणि सहकाऱ्यांनी उलगडला. कॅल्विनना १९६१चं नोबेल मिळालं.

दोन्ही टप्पे एकमेकांत किती गुंतलेत हे पाहायचं असेल, तर उकळून गार केलेल्या साध्या पाण्यात, सोडा न घालता, हाच प्रयोग करा. प्रकाश तितकाच, तरी बहुतेक चकत्या तळाशीच राहतात. कार्बन डायऑक्साइड नसल्याने एटीपी आणि एनएडीपीएच वापरलेच जात नाहीत. मग पहिला टप्पाही तुंबतो.