टर्फ असो वा गवत, मैदानावर या चुका टाळा

मुंबईत फुटबॉल खेळणाऱ्या पोराचा आठवडा एका मैदानावर जात नाही. मधल्या वारी रात्री मित्रांबरोबर बॉक्स टर्फ (जाळीने वेढलेलं छोटं कृत्रिम मैदान), शनिवारी शाळेच्या मातीवर सराव, रविवारी गवतावर मॅच. कृत्रिम बरं की नैसर्गिक, हा वाद रंगतो खरा. पण दुखावलेले गुडघे आणि उखडलेली मैदानं पाहिली, तर बऱ्याचदा एका मैदानाची सवय दुसऱ्यावर तशीच नेलेली दिसते.

सगळीकडे एकच स्टड

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात मुंबई सिटी एफसी या व्यावसायिक संघाचे सामने नैसर्गिक गवतावर होतात. तिथल्या खेळाडूंच्या पायात दिसतात तसेच बूट पोरं दुकानात मागतात आणि ‘एफजी’, म्हणजे टणक गवतासाठीचे बूट, घेऊन येतात. त्यांचे स्टड, म्हणजे तळव्याची टोकं, लांब, संख्येने कमी आणि काही वेळा पात्यासारखे असतात. गवतावर जोरात वळलं की माती थोडी सुटते आणि पाय मोकळा होतो. टर्फ तसं सुटत नाही. स्टड रुततो, अंग वळतं, पाऊल जागेवरच राहतं आणि सगळा पीळ घोट्यावर किंवा गुडघ्यावर येतो. गुडघ्याला आतून धरून ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध फाटला, तर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागू शकतं. सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूसाठी हा काळ फार मोठा आहे.

मोठ्या टर्फवर धागे साधारण 40 ते 60 मिलिमीटरचे असतात आणि त्यांत वाळू व रबराचे दाणे भरलेले असतात. तिथे ‘एजी’, म्हणजे कृत्रिम मैदानासाठीचे बूट, घाला. त्यांचे स्टड आखूड, गोल आणि जास्त असतात. आखूड धाग्यांच्या बॉक्स टर्फवर ‘टीएफ’, म्हणजे तळव्याला रबराच्या बारीक गाठी असलेले बूट. धातूच्या टोकांचे ‘एसजी’ फक्त ओल्या, मऊ गवतासाठी. टर्फवर ते धागेही फाडतात. घरातून एकाच जोडीचे पैसे मिळणार असतील आणि खेळ बहुतेक टर्फवरच असेल, तर टीएफ घ्या. कडक मातीवरही ते चालतात. ओल्या गवतावर मात्र घसराल, हे धरून चाला.

दुपारचा स्वस्त स्लॉट

गवत पाणी बाष्परूपाने सोडत राहतं, म्हणून उन्हातही फार तापत नाही. प्लास्टिकचे धागे आणि काळे रबरी दाणे ऊन शोषून घेतात. भर उन्हात टर्फचं तापमान 60 अंशांच्या वर जाऊ शकतं. पाणी मारलं की थोडा वेळ गारवा येतो, मग परत तेच, आणि मुंबईच्या दमट हवेत घामही वाळत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये लहान मुलांचा सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच ठेवा. हाताचा तळवा पाच सेकंद टर्फवर ठेवून पाहा. ठेववत नसेल, तर मुलांना त्यावर उतरवू नका.

‘टर्फला काही करावं लागत नाही’

सोसायट्या आणि शाळा याच समजुतीवर टर्फ बसवतात. न विंचरलेले धागे आडवे पडतात आणि मैदान गुळगुळीत होतं. गोलसमोरचे आणि पेनल्टी स्पॉटवरचे दाणे सगळ्यांत आधी उडतात. तिथे गोलकीपर जवळजवळ उघड्या थरावर पडतो. नियमित ब्रश फिरवा, दाण्यांची भर घाला, टर्फच्या पट्ट्यांचे सांधे उघडलेत का ते बघा. पावसाळ्यात सावलीच्या कडांना शेवाळ धरतं, तेही काढायला हवं. शिवाय पाण्याबरोबर दाणे गटारात वाहून जातात, म्हणून कडेला जाळी हवीच. असे रबर-प्लास्टिकचे दाणे विकण्यावर युरोपियन युनियनने 2023 मध्ये बंदी ठरवली आणि तिच्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली. नवीन टर्फ बसवणाऱ्यांनी कॉर्कसारख्या पर्यायाची चौकशी आत्ताच करावी.

भिजलेल्या गवतावर हट्टाने मॅच

पावसातला फुटबॉल हा या शहराचा आनंद आहे आणि मोकळ्या मैदानावर तो जरूर लुटावा. पण गवत राखायचं असेल, तर तुंबलेल्या पाण्यात खेळू नका. भिजलेली माती पायांखाली दाबली गेली की तिच्यातली हवा जाते, पाणी मुरत नाही आणि मुळं कुजतात. एका संध्याकाळच्या मॅचची किंमत मैदान नंतर कित्येक आठवडे मोजतं.

तपासणी सोपी आहे. चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडा. तो उसळला नाही किंवा पाऊल टाकल्यावर बुटाभोवती पाणी वर आलं, तर मॅच पुढे ढकला. पाऊस सरल्यावर जमिनीला भोकं पाडून वाळू पसरा आणि गोलसमोरच्या भागाला खरी विश्रांती द्या. गोलपोस्ट हलवता येत असतील, तर हलवा.

आपल्या हवेत हरळीच्या जाती चांगल्या येतात, पण त्यांना भरपूर ऊन लागतं. उंच टॉवरच्या सावलीतल्या मैदानावर वर्षानुवर्षं हरळी लावून पैसे घालवण्यापेक्षा तिथे चांगलं टर्फ बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हातल्या मोकळ्या मैदानावर मात्र गवत काढून टर्फ घालू नये.

खरचटलंय, चालतंय

टर्फवर स्लाइड केलं की मांडी-गुडघ्याची कातडी घासून निघते. अमेरिकेची फुटबॉलपटू सिडनी लेरू हिने 2013 मध्ये आपल्या रक्ताळलेल्या पायांचा फोटो जगापुढे ठेवला होता. तरीही 2015 चा महिला विश्वचषक कॅनडात पूर्णपणे कृत्रिम गवतावरच झाला. अशी जखम त्याच रात्री साबण-पाण्याने धुवा, अडकलेले दाणे काढा, झाकून ठेवा आणि टॉवेल कुणालाही वापरायला देऊ नका. भोवती लाली पसरली, पू आला किंवा ताप चढला, तर डॉक्टरांकडे जा.