मुंबईच्या फ्लॅटमध्ये शोची लॅब्राडोर: आधी रिंग, मग लिटर

"आमची लॅब एवढी गोड आहे, एकदा तरी पिल्लं काढायचीत तिची, काय काय करावं लागतं?" असं विचारणारे खूप भेटतात, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, आधी तिला डॉग शोला न्या. मेडलचा सोस म्हणून नाही हो. घरात आपल्याला आपली पोरगी सुंदरच दिसते, रिंगमध्ये मात्र तिच्या शेजारी तिच्याच वयाच्या सातआठ जणी उभ्या असतात आणि जज हात लावून, दात बघून, पळवून सांगतो की बाई ही बरी आहे का खरंच चांगली आहे. दोनतीन वेगवेगळ्या जजांकडून तेच तेच ऐकलं की मग कळतं हिची पिल्लं काढण्यात अर्थ आहे का नाही. म्हणून मी पण त्याच क्रमाने लिहितेय. लॅबचं लिहितेय कारण घरात लॅबच आहेत, पण बीगल, डॅशहंडवाल्यांना पण बरंचसं लागू पडेल.

पहिली गोष्ट कागद. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे केसीआय, 1896 सालची संस्था, ऑफिस चेन्नईला. त्यांचं रजिस्ट्रेशन आणि मायक्रोचिप नसेल तर शोची एन्ट्री होत नाही, विषय संपला. पिल्लू घेतानाच त्याचं लिटर, म्हणजे एका वेतातली सगळी पिल्लं, रजिस्टर झालंय का ते बघा, चिप स्कॅन करून नंबर कागदाशी जुळवून घ्या, आणि "पेपर नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, ते नंतर कधीच येत नाही. "हेवी बोन", "डबल बोन", "पंच फेस" असलं काही ऐकलं तर हसून सोडून द्या, लॅबच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या ठरलेल्या वर्णनात, असलं काही नाहीये. रंग तीनच, काळा, यलो (ज्याला आपल्याकडे सगळे फॉन म्हणतात) आणि चॉकलेट. सिल्व्हर लॅब म्हणून जास्त पैसे मागणारे पण आहेत, शोमध्ये त्याला जागा नाही. स्टँडर्डप्रमाणे नर खांद्याला 56-57 सेंटीमीटर, मादी 54-56, शेपूट ऑटरसारखी (पाणमांजरासारखी) बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती, कोट डबल म्हणजे केसांचे दोन थर, वरचा केस जरा राठ. हे एकदा नीट वाचून काढा, आपल्याला काय शोधायचंय तेच माहीत नसेल तर जज काय बघतोय ते कसं कळणार.

आता रिंगची तयारी, आणि इथे मुंबईकरांचे दोन खास प्रॉब्लेम आहेत. एक म्हणजे आपल्या घरातल्या टाइल्स. गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर वाढलेलं पिल्लू पाय फाकवून घसरत घसरत चालतं, सांध्यांना वाईट आणि चाल पण बिघडते. हॉल ते किचन जिथे जिथे ते पळतं तिथे रबर मॅट, जुन्या योगा मॅट, चटया काहीही टाका, घर काही महिने कळकट दिसेल, दिसू दे. दुसरा प्रॉब्लेम गवत. शो बहुतेक मैदानावर असतो आणि आपला कुत्रा आयुष्यभर पार्किंग, फुटपाथ आणि गच्ची एवढ्यावरच फिरलेला, त्यामुळे गवतावर नेला की पहिलं नाक खाली. जज म्हणतोय पळवा आणि हे महाशय रिंगभर हुंगत चाललेत. आठवड्यातून एकदा तरी जिथे कुत्रा न्यायला परवानगी आहे अशा गवताच्या जागी नेऊन पळवायची सवय लावाच.

शिकवायचं तसं थोडंच असतं. नीट उभं राहणं, ज्याला स्टॅक म्हणतात, पुढचे पाय सरळ खांद्याखाली, मागचे जरा मागे, पाठ सरळ, मान वर. मग ट्रॉट, सरळ जाऊन परत येणं, त्रिकोण, गोल. ट्रॉट म्हणजे दुडकी चाल, उड्या मारत पळणं नाही आणि लीड (पट्टा) ओढत चालणं तर अजिबात नाही. उकडलेली कलेजी बारीक कापून खिशात ठेवा, रोज पाचदहा मिनिटं पुरे, लॅब खाण्यासाठी काहीही करते. अनोळखी माणसाने तोंड उघडून दात बघणं ही मात्र खरी परीक्षा. आमच्याकडे वॉचमनकाका, दूधवाला, समोरचा कॉलेजचा मुलगा सगळ्यांनी दात बघून झालेत. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसायला हवेत. नर असेल तर दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का ते जज हाताने चाचपतो, तेव्हा दचकून खाली बसणारे कुत्रे मी कितीतरी पाहिलेत, घरी त्याची पण सवय करा, लाजू नका.

वजनाचं एक सांगते आणि थोडं रागाने सांगते. आपल्याकडे लॅब जाड असली की लोक म्हणतात काय मस्त आहे. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. चपाती, तूप, पेढा, बिस्कीट बंद. आजी-आजोबा गुपचूप भरवतात त्यांना पण सांगा, ऐकणार नाहीत तरी सांगा.

शोचा सीझन आपल्याकडे साधारण थंडीतला, ऑक्टोबर ते मार्च. अंघोळ शोच्या आदल्या दिवशी घालू नका, दोनतीन दिवस आधी घाला, कारण शाम्पूने केस मऊ होऊन फुगतो आणि लॅबचा कोट हाताला राठ लागायला हवा. अंघोळीनंतर ब्लोअरने कातडीपर्यंत वाळवा, इथल्या दमट हवेत आतला कोट ओला राहिला की दोन दिवसांत लाल चट्टे आणि खाज, मग कसला शो. पावसाळ्यात तर गोचीडतापाचं आणि लेप्टोचं पण बघावं लागतं, गोचीडाचं औषध वेळेवर आणि लेप्टोची लस राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, साचलेल्या पाण्यातून नेऊ नका.

एन्ट्री शोच्या बऱ्याच आधी बंद होते, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पुण्याचा शो असेल तर पहाटे निघा, गाडीत पिंजरा, पाणी, ओला टॉवेल, टेबलफॅन, खुर्ची, छत्री. आपला नंबर दंडावर, कॅटलॉग हातात, आणि आपल्या रिंगची वेळ स्टीवर्डला, म्हणजे रिंगची व्यवस्था बघणाऱ्याला, विचारत राहा. वयाप्रमाणे क्लास असतात, क्लास जिंकला की पुढे, मग चॅलेंज सर्टिफिकेट, बेस्ट ऑफ ब्रीड, ग्रुप असं वर चढत जातं. वेगवेगळ्या जजांकडून अशी सर्टिफिकेटं जमली की चॅम्पियन. रिंगमध्ये आपला कुत्रा धरून पळवणारे हँडलर पैसे देऊन मिळतात आणि काही खरंच भारी असतात पण पहिले दोनतीन शो तरी स्वतः धरा. हरलात तर वाद घालू नका, रिंग संपल्यावर जज मोकळा दिसला तर विनम्रपणे विचारा की हिच्यात काय कमी वाटलं, बरेच जण नीट सांगतात. एक म्हणाला खांदा सरळ आहे तर सोडून द्या, तिघं तेच म्हणाले तर पिल्लांसाठी नर शोधताना खांदा चांगला असलेलाच शोधा. एवढ्यासाठी तर शो.

मग तब्येतीच्या टेस्ट. लॅबला हिप आणि एल्बोचा एक्सरे, डोळ्यांची तपासणी, पीआरए (हळूहळू आंधळेपण येणारा आजार) आणि ईआयसीची (जोरात पळल्यावर कोसळण्याचा आजार) डीएनए टेस्ट. या दोन्हींत मादी कॅरियर, म्हणजे स्वतः धडधाकट पण दोष पुढे देऊ शकणारी, निघाली तर आभाळ कोसळत नाही, नर क्लिअर हवा म्हणजे पिल्लांना आजार होत नाही, दोन कॅरियर मात्र एकत्र आणायचे नाहीत. ब्रुसेला (मेटिंगमधून पसरणारा, गर्भ पाडणारा संसर्ग) टेस्ट दोघांची. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहितीये, तिथेच 1886 पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज पण आहे, एक्सरे कुठे चांगला निघतो वगैरे चौकशी तिकडच्या डॉक्टरांकडे करता येते. आणि कायदा, 2017 चे डॉग ब्रीडिंगचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी 18 महिन्यांच्या आत नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षाला एकच लिटर, आयुष्यात पाच. माझ्या मते पाच पण जास्तच झाले, असो.

हीट आली, म्हणजे मादी माजावर आली, की बिल्डिंगच्या गेटवर गल्लीतले सगळे नर हजर होतात, तेव्हा फिरवताना दोन माणसं असू द्या. "अकराव्या दिवशी लावा" हे जुन्या लोकांचं गणित काही माद्यांना जुळतं, काहींना अजिबात नाही. पाचव्यासातव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी रक्ताची प्रोजेस्टेरॉन टेस्ट करा, 5 ते 8 नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं की बीज सुटतंय असं धरतात आणि त्यानंतर दोनतीन दिवसांनी मेटिंग. रिवाज असा की मादी नराच्या घरी जाते. स्टड फी (नराच्या मालकाला द्यायची) रोख का एक पिल्लू, आणि मादी गाभण राहिली नाही तर काय, हे आधी कागदावर लिहून घ्या, मैत्री टिकते. टाय झाला, म्हणजे मेटिंगमध्ये दोघं एकमेकांना अडकले, की वीसेक मिनिटं दोघांना धरून शांत बसायचं, कोणी ओढू नका, पाणी मारू नका.

बीज सुटल्यापासून साधारण 63 दिवस. महिन्याच्या आसपास सोनोग्राफी, 55 दिवसांनंतर एक्सरे काढून पिल्लं मोजून घ्या, म्हणजे डिलिव्हरीच्या रात्री "संपली का अजून आहेत" हा घोळ होत नाही. पोटुशी म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात लोक, ते करू नका, बाहेरून फार कॅल्शियम दिलं तर तिचं शरीर स्वतःचं काढायचं विसरतं आणि पिल्लं झाल्यावर आकडी यायचा धोका उलट वाढतो. चांगलं पपी फूड शेवटच्या तीनेक आठवड्यांत वाढवा, बाकी डॉक्टर सांगतील ते.

डिलिव्हरीसाठी बॉक्स सुताराकडून प्लायचा करून घ्या, आई आडवी पसरून झोपेल एवढा, आणि आतून चारही बाजूंनी भिंतीपासून आणि तळापासून चार इंचांवर पीव्हीसी पाइपची रेलिंग. हिच्यामुळे आई भिंतीला टेकून बसली तरी मागे पिल्लू चिरडत नाही. बॉक्समध्ये अंथरायच्या रद्दीसाठी मजल्यावरच्या सगळ्यांना महिनाभर आधी सांगून ठेवा. पावसाळ्यात लिटर असेल तर टॉवेल वाळतच नाहीत, तेव्हा रद्दीच कामाला येते.

शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा ताप मोजायचा. नेहमीचा 101-102, तो 99 च्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत डिलिव्हरी. ती खायचं सोडते, धापा टाकते, रद्दी उकरून उकरून फाडते, हे काही तास चालतं, घाबरायचं नाही. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, किंवा आत पिल्लं असताना दोन तासांच्यावर गॅप, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवं पाणी गेलं, तर लगेच डॉक्टर. म्हणून रात्री उघडा असणारा दवाखाना, गाडी, ड्रायव्हर सगळं आधी ठरवून ठेवा, रात्री दोन वाजता फोन लावत बसू नका. कळा वाढवायचं इंजेक्शन कोणा कंपाउंडरकडून घरी टोचून घेऊ नका, पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं. पिल्लू आलं की पिशवी फाडा, नाकतोंड पुसा, टॉवेलने खसाखसा चोळा, ते ओरडलं पाहिजे. नाळ आईने नाही तोडली तर पोटापासून इंचभर सोडून दोऱ्याने बांधून कापा. धरून गरागरा फिरवतात ते करू नका, मेंदूला इजा होते. आणि पहिल्या दिवसातच सगळ्यांच्या तोंडात आईचं चीक गेलं पाहिजे.

मुंबईच्या उन्हाळ्यात आई धापा टाकते म्हणून आपण एसी लावतो आणि पिल्लं गार पडतात. पहिला आठवडा पिल्लांच्या उंचीला 29 ते 32 डिग्री हवं, म्हणून बॉक्सच्या एकाच कोपऱ्यात दिवा लावा आणि एसी 27-28 ला, ज्याला जे हवं ते तिकडे सरकतं. पिल्लं ढिगारा करून रडत असतील तर गार वाटतंय, लांब लांब पसरून धापा टाकत असतील तर गरम. काळी सगळी सारखीच दिसतात, गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर सैल बांधा, रोज सैल करत जा, आणि किचनच्या काट्यावर रोज त्याच वेळी वजन वहीत लिहा. आठदहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. ज्याचं एक दिवस वाढलं नाही त्याला पुढच्या भरल्या सडावर आधी लावायचं, दुसऱ्या दिवशी पण नाही वाढलं तर डॉक्टर. दोन आठवड्यांनी जंताचं औषध, तेवढ्यातच डोळे उघडतात, आणि चौथ्या आठवड्यापासून खरा गोंधळ, आवाज आणि वास. तोपर्यंत खालच्या काकूंना एकदा पिल्लं बघायला बोलावून घ्या, ज्यांनी पिल्लू मांडीवर घेतलंय त्या सेक्रेटरीकडे तक्रार करत नाहीत.

आठव्या आठवड्यात कोणातरी जाणकाराला बोलावून पिल्लं टेबलावर उभी करून बघा. चांगल्या लिटरमधनं सुद्धा शोच्या लायकीचं एखाददुसरं निघतं, बाकीची पाळायला द्यायची आणि ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगायचं. आठ आठवड्यांच्या आत द्यायला नियमानेच मनाई आहे. चिप, लसीचं कार्ड, केसीआयचे ट्रान्सफरचे कागद, चारपाच दिवसांचं तेच खाणं आणि बॉक्समधलं न धुतलेलं एक फडकं सोबत द्या, पहिल्या रात्री कमी रडतं. ठेवता आलं नाही तर पिल्लू आपल्याकडेच परत यायचं, हे पण लिहून सही घ्या. आणि दिवाळीच्या आठवड्यात पिल्लू देऊ नका, पाडव्याला सरप्राइज द्यायचंय म्हणून मागे लागणारे असतातच, नवीन घर आणि वर फटाके हे दोन्ही एकदम नको, त्यांना भाऊबीज होऊन फटाके थांबल्यावर या म्हणून सांगा, खरंच हवं असेल तर येतात.