आखाजी आणि आबांचे वार

घरात डायलिसिसचा पेशंट असेल आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली असेल, तर पुरणाची डाळ मोजायच्या आधी वार बघा. आमच्या आबांचे वार सोम-बुध-शुक्र. 2024 ला आखाजी आली 10 मेला, शुक्रवारी. आबा म्हणाले, "सनना दिन बी दवाखाना? एक दिन नही गऊ ते काय व्हस?" आम्ही तिघी बहिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला. त्यांचं मन कोण मोडणार? शुक्रवार बुडवला. वरून रस, कुरडया, पापड सगळं झालं. शनिवारी रात्री त्यांना आडवं होता येईना, एवढी धाप लागली. पारोळ्याहून धुळ्याला गाडी कशी पळवली ते आमचं आम्हाला माहीत. बुधवारपासून साठलेलं पाणी फुफ्फुसात चढलं होतं.

तेव्हा वार बुडवायचा नाही, सण सरकवायचा. 2025 ला आखाजी 30 एप्रिलला, बुधवारी, पुन्हा डायलिसिसचाच वार! आठ दिवस आधीच सेंटरवर बोलून सकाळची पाळी घेतली. उजाडायच्या आत आबांच्या हातून घागर मांडून घेतली, वर डांगर (खरबूज) ठेवलं, मग गाडी काढली. चार तास मशीनवर, घरी येऊन पाच वाजेपर्यंत झोप. त्या दिवशी माणूस गळून जातो, त्याला उठवून पाहुण्यांत बसवू नका. आगारी (पितरांचा नैवेद्य) दुपारची, ती आमच्याकडे संध्याकाळी पडली. चुलतकाकांनी नाक मुरडलं. माय म्हणाली, "पितर वर्षभर थांबतात, चार तास अजून थांबतील."

आता ताट. आखाजीचं जेवण आणि बिघडलेली किडनी यांचं वैरच आहे. आंबा, डांगर, गूळ, डाळ, सगळ्यांत पोटॅशियम. ते रक्तात वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. पापड-कुरडयांत मीठ, मिठाने तहान, आणि तहान भागवायला पाणी तर मोजून. म्हणून डायलिसिसच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना आधी विचारा, प्रत्येकाचं माप वेगळं असतं. आबांना मिळालं ते असं: खापरावरच्या पोळीचा चतकोर, रस दोन चमचे, डांगर नाही. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं, मग फोडणी. कुरडई मायने बिनमिठाच्या चिकाची वेगळी घातली होती, चैत्रातच. हे आखाजीच्या आदल्या दिवशी सुचून उपयोग नाही.

रस दोनच चमचे, पण चांदीच्या वाटीत वाढा. स्टीलच्या मोठ्या वाटीत दोन चमचे बघून आबांचा चेहरा उतरला होता.

पाण्याचं सांगते. आबांना दिवसाला एक लिटर, त्यात चहा, रस, वरण, बर्फाचा खडासुद्धा आला. बाहेर खानदेशचं ऊन! सकाळी बाटली भरून ठेवायची, जे काही प्यायले तेवढं त्यातून ओतून टाकायचं. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरायची.

पाहुण्यांना फोनवरच सांगा, दारात सांगायला लाज वाटते. एक आत्या उन्हातून चार शहाळी घेऊन आली, एका जावयांनी "कमी सोडियमचं" मीठ आणलं. दोन्ही प्रेमाने, आणि दोन्हीत पोटॅशियम. त्या मिठात तर सोडियम कमी करून पोटॅशियमच घातलेलं असतं. शहाळी मुलांनी प्यायली, मीठ मी पर्समध्ये टाकलं.

फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून तयार केलेली शीर, आबांच्या डाव्या हाताला, त्या हाताला गंडा-दोरा, घट्ट घड्याळ काही नको. त्या हाताने घागर उचलू देऊ नका. आमच्याकडे घागर भाच्याने धरली, पाणी आबांनी उजव्या हाताने ओतलं, त्यांच्या आई-वडिलांच्या नावाने. काठोकाठ. स्वतःच्या बाटलीकडे त्यांनी एकदा बघितलं, मीही बघितलं, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

एक मात्र कमी करू नका, पत्ते. रात्री आठला ओट्यावर खाट टाकली, पाठीला लोड दिला, नेहमीची चौकडी बोलावली. तब्येतीची चौकशी करायची नाही, एवढं त्यांना मी आधीच बजावलं होतं. आबा चाळीस रुपये हरले. सुया टोचून हात जड झालाय, पानं नीट धरता येत नाहीत, म्हणाले. पानं उजव्या हातात होती.